पहिला आकडा

ऑक्टोबर लागला की वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसच्या रस्त्यावर सातवीण फुलते आणि माझं डोकं चढतं. लोक त्या वासाची तारीफ करतात. करोत बापडे. मला तो उग्र वाटतो, आणि तो आला की आता ऊन तापणार, एसी दमणार, दिवाळीआधी माळे आवरायला काढावे लागणार, हे सगळं एकदम अंगावर येतं. परवा सकाळी रिक्षातून उतरले, नाकात तो वास गेला आणि सहा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर आठवला. त्या महिन्यात मी ऑफिसात मशीनची परीक्षा अगदी कडक घेत होते आणि घरी माझ्या सासऱ्यांना त्यांच्या परीक्षेत कॉपी पुरवत होते.

मी सॉफ्टवेअर तपासते. लिहिणारे लिहितात, ते चालतं का आणि किती वेगानं चालतं हे मी बघते. कुणी विचारलं तर मी ‘कम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगते, कारण पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. त्या वर्षी काही दवाखान्यांनी मिळून आपले जुने केसपेपर एका जागी आणायचं ठरवलं होतं. खिडकीवर पेशंट आला, नाव सांगितलं की त्याचं जुनं सगळं समोर दिसावं, इतकी साधी मागणी. काम आमच्याकडे होतं आणि दिवाळीच्या आत द्यायचं होतं.

आमच्या टीममध्ये एक रीत होती. वेग मोजायचा असला की तोच शोध पाच वेळा चालवायचा, पहिला आकडा खोडायचा आणि उरलेल्या चारांची सरासरी लिहायची. ही रीत कुणी पाडली ते माहीत नाही. मी कामाला लागले तेव्हा ती होतीच, आणि मीही ती माझ्यानंतर आलेल्यांना शिकवली. पहिला आकडा नेहमी वाईट येतो, मशीनला अजून सवय झालेली नसते, असं आम्ही म्हणायचो. त्या केसपेपरांचा पहिला आकडा नऊ सेकंद यायचा आणि पुढचे चार अर्ध्या सेकंदाच्या आत. नऊवर मी रेघ मारायचे, खाली सही करायचे आणि चहाला जायचे.

रेघ मारलेल्या त्या आकड्यावर भोईरनं बोट ठेवलं. भोईर आमचा डेटाबेस सांभाळायचा. डोंबिवलीजवळच्या कोपर गावचा, वाडवडिलांची खाडीकाठी भातशेती आणि मिठागरं. आता त्या जमिनीवर इमारती आहेत, त्यातल्या एकीत हा दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्याच वयाचा, पण मला ताई म्हणतो. बोलायला लागला की शहरी मराठीतून त्याची गावची बोली मध्येच डोकं वर काढते. हा का खोडला, असं त्यानं विचारलं. पहिला वाईटच येतो, मी म्हटलं.

‘ताई, तू पाची वेळा एकाच बाईचं नाव शोधतेस,’ भोईर म्हणाला. ‘दवाखान्यान रोज नवीन माणूस येतो. तिथं प्रत्येक जण पहिलाच हाय.’

मला राग आला. खरं ते कुणी चारचौघांत सांगितलं की येतो तसाच आला. पण बसून विचार केला तेव्हा त्याचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं. मशीन काही दर वेळी डिस्कवर जाऊन शोधत नाही. एकदा काढलेलं हाताशी ठेवतं, त्याला कॅशे म्हणतात. आपण नाही का, रोजचं तिखट-मीठ ओट्यावर ठेवतो आणि चकलीचा साचा माळ्यावर, तसंच. मी पाच वेळा मीठ मागत होते आणि स्वयंपाकघर किती चटपटीत आहे म्हणून सही करत होते.

मग कॅशे उडवायची शिस्त लागली. प्रत्येक मोजणीच्या आधी डेटाबेस बंद करायचा, पुन्हा चालू करायचा, मग मोजायचं. सुरुवातीला तेवढंच केलं, आणि आकडे तरीही संशय यावा इतके छान आले. भोईर हसला. डेटाबेस विसरला तरी खालची ऑपरेटिंग सिस्टीम तीच पानं, म्हणजे एकदा वाचलेल्या माहितीचे तुकडे, आपल्या मेमरीत धरून बसते, म्हणाला. तिलाही विसरायला लावावं लागतं. त्यातही क्रम आहे. जे अजून डिस्कवर लिहिलेलं नाही ते आधी लिहून घ्यायचं, कारण न लिहिलेली पानं जागची हलत नाहीत. त्यानंतर मेमरी रिकामी करायची, आणि नावंही दर वेळी वेगळी घ्यायची. एका मोजणीला पाच मिनिटं लागायची ती पाऊण तास लागायला लागली. बाहेर टळटळीत ऊन, आत एसीची घरघर, आणि आम्ही दोघं एका मशीनला पुनःपुन्हा कोरं करत बसलेलो. मला ते काम आवडायला लागलं होतं. आकडा वाईट आला तरी तो आपल्याला फसवत नाही, याचं एक समाधान असतं.

आणि घरी काय चाललं होतं, ते सांगते.

नाना म्हणजे माझे सासरे. शहाडच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते, आयुष्यभर लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे डोंबिवलीला. संजय, माझा नवरा, बोटीवर इंजिनिअर, त्यामुळे वर्षातले सहा-सात महिने घरात मी आणि नानाच. आमचं छान जमायचं. मी चिडकी, ते शांत, त्यामुळे भांडण व्हायला दुसरी बाजूच नसायची. दर गुरुवारी ते खडवलीला जायचे. तिथं त्यांचे कारखान्यातले मित्र दामूअण्णा नदीजवळ घर बांधून राहिलेले. सकाळी पिशवी घेऊन निघायचे, जेवून, गप्पा मारून चारच्या गाडीनं परत. पिशवीतून कधी वाल, कधी लाल भोपळा. ऑक्टोबरात तिकडे भात कापणीला आलेलं असतं, ते वर्णन मला संध्याकाळी ऐकावं लागायचं. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस म्हणजे त्यांच्या लेखी गुरुवारची तयारी.

त्या वर्षी पावसाळ्यात त्यांचं थोडं बिनसायला लागलं. एकच गोष्ट दोनदा विचारायचे. दूध गॅसवर ठेवून गॅलरीत जाऊन बसायचे. मी कल्याणच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. हिशेबाला नाना पक्के, सरळ खाली उतरत गेले. मग बाईंनी सांगितलं, तीन शब्द लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन. पेरू, कुलूप, होडी. थोड्या वेळानं नानांना फक्त पेरू आठवला. महिनाही चुकला होता, ऑक्टोबरला ते ऑगस्ट म्हणाले होते. बाई म्हणाल्या, दहा दिवसांनी पुन्हा बघू. तेव्हाही असंच असलं तर त्यांना एकटं बाहेर पाठवू नका, गाडीनं तर नकोच.

 घरी आल्यावर गॅलरीत बसले, मी पाणी नेऊन दिलं. तेव्हा म्हणाले, ‘खडवली बंद झाली तर मी काय करू गं, मेघना?’

आता यावर कुणी काय करायचं? मी दुसऱ्या दिवसापासून त्यांचा अभ्यास घ्यायला लागले. सकाळच्या चहाला गॅलरीत आम्ही दोघं. आज वार कोणता, तारीख कोणती, महिना कोणता. नाना वर तिथीही सांगायचे. आणि ते तीन शब्द. चार दिवसांत पाठ झाले. आंघोळीला जातानाही म्हणत जायचे, पेरू, कुलूप, होडी. मला वाटायचं, बघा, माणसाकडे लक्ष दिलं की सुधारतो. मी खोटं करतेय असं एकदाही मनात आलं नाही. शाळेत नाही का आपण मुलांची तयारी करून घेत?

दहा दिवसांनी गेलो. बाईंनी तेच प्रश्न विचारले. तीन शब्दही तेच. नानांनी फडाफड सांगितले, वर तिथी फुकट. बाई खूश झाल्या, जाऊ द्या खडवलीला म्हणाल्या, फक्त खिशात घरचा नंबर ठेवा. बाहेर आल्यावर आम्ही पियुष प्यायलो. मी बोटीवर संजयला मेसेज केला, बाबा पास.

त्याच आठवड्यात ऑफिसात मी आमच्या मॅनेजरशी भांडत होते. कॅशे उडवून मोजलेले आकडे घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले होते. ते म्हणाले, दवाखानेवाल्यांना दाखवायच्या आधी आपण सिस्टीम थोडी चालवून ठेवू, मग कुणाला काही कळणार नाही. मी भडकले. खिडकीवर म्हातारं माणूस उभं राहणार आहे, म्हटलं, त्याला नऊ सेकंद लागणार हे आपल्याला माहीत असून आपण अर्धा कसा लिहायचा? माझ्या सहीनं असलं काही जाणार नाही. चांगलं लांबलचक भाषण झालं ते. भोईर बाजूला उभा होता. नंतर म्हणाला, ताई, तू तर माझ्यापेक्षा कडक झालीस. मला फार बरं वाटलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे आपल्याबद्दल आहे असं कुणालाच वाटत नाही.

गुरुवारी दुपारी अडीचला फोन आला. अनोळखी नंबर, एका बाईचा आवाज. ‘बाय, तुमचे बाबा हितं आंबिवलीला बसलेत,’ ती म्हणाली. ‘सकाळधरनं बसलेत. गाड्या जातान, पण उठत नाय.’

ती स्टेशनबाहेर सुकी मासळी विकायची. नानांना पाणी पाजून, खिशातली चिठ्ठी बघून तिनं फोन केला होता. मला ठाण्याहून पोचायला दीड तास लागला. तोवर ती धंदा सोडून त्यांच्याशेजारी बसून होती. मी आल्यावर टोपली डोक्यावर घेतली आणि म्हाताऱ्या माणसाला असं एकटं सोडू नका, एवढंच म्हणून निघून गेली. तिला नीट थँक्यू म्हणायचंही मला सुचलं नाही.

नाना शांत होते. मांडीवर पिशवी, पिशवीत दामूअण्णांसाठी घेतलेली बाकरवडी. मला बघून म्हणाले, खडवली किती बदलली गं, दामूचं घरच सापडेना, म्हणून परत येऊन बसलो. खडवली आंबिवलीच्या पुढे दोन स्टेशनं. समोर पाटीवर हातभर अक्षरांत आंबिवली लिहिलेलं. मी सवयीनं विचारलं, नाना, आज तारीख काय? त्यांनी तारीख सांगितली, वार सांगितला, तिथी सांगितली. एक अक्षर चुकलं नाही. आपण कुठे आहोत ते मात्र त्यांना माहीत नव्हतं, कारण ते मी शिकवलं नव्हतं.

मी तिथं बाकावर त्यांच्याशेजारी बसले आणि रडले. कापणीचे दिवस, रुळांपलीकडे कुठेतरी पेंढ्याचा वास. नाना माझ्या पाठीवर थोपटत होते आणि विचारत होते, ऑफिसात काही झालं का?

दुसऱ्या दिवशी भोईरला सगळं सांगितलं. घरातलं ऑफिसात सांगायची मला सवय नाही, पण दुसऱ्या कुणाला ते समजलं नसतं. तो काही म्हणेल, म्हणजे निदान टोमणा तरी मारेल, असं वाटलं होतं. त्यानं खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला की घरी चहाबरोबर नानांना जे आठवतं तेही खोटं नाही. तो दुसरा आकडा. फक्त तो दुसरा आहे हे कागदावर लिहायला पाहिजे होतं, ते तू लिहिलं नाहीस. आमच्या रिपोर्टमध्येही शेवटी आम्ही तेच केलं. दोन्ही आकडे दिले, कोरा वेगळा आणि सवयीचा वेगळा, आणि कोणता कुठला ते स्पष्ट लिहिलं. काम दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी गेलं. जग बुडालं नाही.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि कबूल केलं. वाटलं होतं झापतील. त्या म्हणाल्या, बरीच घरं करतात, प्रेमानंच करतात. पुढच्या वेळी मी शब्द बदलते. तुम्ही फक्त काही करू नका. ते ऐकायला सोपं वाटतं. पुढचे आठ दिवस सकाळी चहाच्या वेळी मी स्वयंपाकघरातच काहीतरी खुडबुडत राहिले. नाना गॅलरीत दोन खुर्च्या मांडून वाट बघायचे, मग एकट्यानंच चहा प्यायचे. एकदा त्यांनी आपणहून तारीख मोठ्यानं म्हणून दाखवली, मला ऐकू जाईल अशी. चूक होती. मी मिक्सर चालू केला.

आता मागे बघताना वाटतं, मशीनला विसरायला लावणं किती सोपं असतं. बटणं दाबायची, पुन्हा चालू करायचं, राग नाही, रुसवा नाही. तरीसुद्धा भोईरचा एक नियम होता, आणि अजून आम्ही तो पाळतो: कॅशे उडवायची ती आपल्या तपासणीच्या मशीनवर. जिथं खरी माणसं काम करत असतात तिथं हात लावायचा नाही. तिथं हाताशी जे आहे त्यावरच त्यांचा दिवस चालतो. नानांचंही पुढे तसंच केलं. त्यानंतरची चार वर्षं दर गुरुवारी दामूअण्णाच डोंबिवलीला यायचे. कारखान्यातल्या त्याच त्याच गोष्टी निघायच्या आणि त्या सांगताना नाना कधी अडखळले नाहीत. मी चुकूनही त्यांना काही विचारायचे नाही. गेल्या वर्षी नाना गेले, झोपेतच. दामूअण्णा अजून फोन करतात.

पण ती तिसरी परीक्षा सांगायची राहिली. नाना त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. बाईंनी नवे तीन शब्द सांगितले. मग महिना विचारला, तो चुकला. इमारतीचा मजला विचारला, तोही चुकला. सात-सात वजा मात्र अजून पक्के. मग बाई म्हणाल्या, मघाशी मी तीन शब्द सांगितले होते.

नाना खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, पेरू, कुलूप, होडी. अगदी ठणठणीत. आणि लगेच माझ्याकडे बघितलं. सकाळच्या चहाला हे शब्द बरोबर आले की मी मान हलवायचे, हसायचे, ती नजर तेच मागत होती. मी खाली फरशीकडे बघत राहिले. बाईंनी लिहून घेतलं. आयुष्यात इतकी अवघड गोष्ट मी दुसरी केलेली नाही, आणि त्यात मी काहीच केलं नव्हतं.

परत येताना रिक्षा पत्रीपुलावर अडकली. ऊन आत येत होतं, नानांनी रुमाल डोक्यावर घेतला होता. त्याखालून त्यांनी विचारलं, नापास ना? त्या क्षणी काहीतरी गोलगोल सांगून वेळ मारून नेता आली असती. मी म्हटलं, हो नाना. आता खडवलीला एकट्यानं नाही जायचं.

त्यांनी मान हलवली. पुढच्या गाड्या हलल्या, आमची रिक्षा चार हात सरकून पुन्हा थांबली.

‘मग मागच्या वेळी कोण पास झालं होतं?’ नाना म्हणाले.

‘मी, नाना.’

‘तरी म्हटलं,’ ते म्हणाले, आणि डोक्यावरचा रुमाल काढून माझ्याकडे दिला, माझ्या बाजूला ऊन जास्त लागत होतं म्हणून.